एफ.वाय.ला अर्थशास्त्र घेतलंय: आलेख काढता येतो, बाजार कळत नाही

रानजाई

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहते, ठाण्यातल्या एका कॉलेजात यंदा एफ.वाय.बी.ए.ला प्रवेश घेतलाय. बारावी सायन्सची, त्यामुळे अर्थशास्त्र आयुष्यात पहिल्यांदाच शिकतेय. घरून विरोध नाही, पण "यात पुढे काय?" हा विषय दर दोन दिवसांनी जेवताना निघतोच.

अडचण वेगळीच आहे. वर्गात मागणीचा नियम झाला, पुरवठ्याचा झाला, समतोल किंमत झाली. रेषा काढता येतात, छेदनबिंदू काढता येतो, गणित बारावीच्या मानाने अगदी सोपं आहे. पण जांभळी नाक्यावर गेलं की यातलं काहीच जुळत नाही. नियम म्हणतो, किंमत वाढली की मागणी घटते. दसऱ्याला झेंडू दुप्पट-तिप्पट भावाने विकला जातो आणि नेमका त्याच दिवशी सगळे किलो-किलोने घेतात. मग नियम कुठे गेला? वर्गात विचारलं तर "तो अपवाद" म्हणून पुढे गेले. मला ते पटलेलं नाही.

दुसरं, किंमत उभ्या अक्षावर का घेतात? आम्हाला आजवर स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घ्यायला शिकवलंय.

आणि तिसरं, हा विषय नुसता पाठ न करता शिकायचा कसा? ज्यांनी शिकलाय, शिकवलाय किंवा ज्यांचं पोट बाजारावर आहे, त्यांनी कृपया लिहा.

रविवारची_मिसळ

घटत्या सीमान्त उपयोगितेचा (म्हणजे प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होत जातं, त्याचा) प्रयोग करायचा असेल तर मामलेदारला मिसळ खायला ये. पहिली प्लेट स्वर्ग, दुसरी पृथ्वी, तिसऱ्या प्लेटला आलेख आडव्या अक्षाच्या खाली जातो. 😀 बाकी प्रश्न झकास. जाणकारांची वाट बघतोय.

निवृत्त_मास्तर

रानजाई, तुझा झेंडूचा प्रश्न फार चांगला आहे आणि तो अपवाद अजिबात नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. मुलं सगळ्यात जास्त इथेच अडखळतात, कारण नियमाचं अर्धं वाक्यच त्यांच्या लक्षात राहतं. पूर्ण नियम 'इतर परिस्थिती कायम असताना' इथून सुरू होतो. पाठ म्हणताना हे शब्द सगळे म्हणतात, उदाहरण सोडवताना सगळे गाळतात.

वही घे. किंमत आणि नग असे अक्ष काढ, उतरती मागणी रेषा काढ, चढती पुरवठा रेषा काढ. हा झाला साधा मंगळवार. आता दसरा आला. भाव तोच असता तरी लोकांनी आज जास्त झेंडू घेतला असता, कारण आज दाराला तोरण लागणार, गाडीला हार लागणार. म्हणजे आपण त्याच रेषेवर वर-खाली सरकलो नाही, मागणीची अख्खी रेषाच उजवीकडे गेली. नवी रेषा जुन्या पुरवठा रेषेला वर आणि उजवीकडे छेदते. भाव जास्त, नगही जास्त. आणि त्या नव्या रेषेवरही नियम तसाच लागू आहे. दसऱ्याच्याच दिवशी संध्याकाळी उरलेला झेंडू विक्रेता पडेल भावाने काढतो, ते त्यामुळेच.

आता याच्या उलट हापूस. मार्चमध्ये पेटी परवडत नाही, मे महिन्यात सगळ्यांच्या घरी आंबा. तिथे भाव उतरला आणि खप वाढला, म्हणून मुलं घाईने "मागणीचा नियम सिद्ध झाला" असं लिहितात. तिथे हलली आहे ती पुरवठ्याची रेषा. कोकणातून आवक वाढली, पुरवठा उजवीकडे गेला.

कुठल्याही उदाहरणाला हात घालताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: किंमत सोडून आणखी काय बदललं? त्याचं उत्तर वहीत लिहिल्याशिवाय रेषेला पेन्सिल लावायची नाही.

मुलुंडचेकनाका

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. अक्षांबद्दल माझ्याकडून: ही इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलची देणगी. त्याचा ग्रंथ १८९० सालचा. तो विचार असा मांडायचा की बाजारात अमुक इतका माल आला, तर तो पूर्ण खपायला ग्राहक जास्तीत जास्त किती किंमत मोजतील? म्हणजे त्याच्या लेखी नग आधी, किंमत नंतर. त्या हिशेबाने नग आडव्या अक्षावर येणं बरोबरच आहे. फ्रान्सच्या बाजूला वालरा हा अर्थशास्त्रज्ञ उलट करायचा, किंमत धरून नग शोधायचा. आज वर्गात समीकरण वालराच्या पद्धतीने लिहितात (मागणी = १०० − २ × किंमत) आणि आलेख मार्शलच्या पद्धतीने काढतात. सायन्सच्या मुलांचा गोंधळ त्यामुळेच होतो. उतार काढताना समीकरण आधी उलटून घे, एवढं सांभाळलंस की झालं.

गाळेवाला_वाशी

आमचा वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजार समितीत) कांदा-बटाट्याचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. कॉलेज फार झालं नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही रेषा बघत नाही, आवक बघतो. पहाटे किती गाड्या लागल्या आणि माल कुठला, यावर निम्मा भाव ठरतो. मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, पण 'पुरवठा' असा एकच शब्द वापरला की आमच्या धंद्यातली मुख्य गोष्ट राहून जाते. उन्हाळी कांदा शेतकरी कांदाचाळीत भरून ठेवतो. तो चार-पाच महिने टिकतो, त्यामुळे भाव पडला की गाडी पाठवत नाही, थांबतो. खरिपाचा लाल कांदा ओला असतो, तो टिकत नाही. तो काढला की विकायलाच लागतो, भाव काही असो. एकाच शेतकऱ्याचा एकाच शेतातला कांदा, पण एका हंगामात त्याच्या हातात थोडी ताकद असते आणि दुसऱ्या हंगामात काहीच नसते.

त्यात वरून सरकार. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. बाहेर जायचा माल आत राहिला आणि भाव खाली आला. मे २०२४ मध्ये ती उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्क ठेवूनच. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळाला, नाशिक-नगरच्या माणसाचा खर्च निघाला नाही. पुस्तकात हे कुठल्या धड्यात येतं?

पामबीच

गाळेवाला दादा, हे पुस्तकात पुरवठ्याच्या लवचिकतेच्या (भाव बदलला की नग किती बदलतात, त्याच्या) धड्यात येतं, आणि तुम्ही सांगितलंत तितकं स्वच्छ तिथे क्वचित सांगितलेलं असतं. नाशवंत मालाचा अल्पकालीन पुरवठा जवळजवळ उभी रेषा असतो, साठवता येणाऱ्या मालाचा तिरपा. रेषा उभी असली की मागणीतला छोटा फरकही सगळाच्या सगळा भावावर येतो. लाल कांद्याचे भाव आठवड्यात इतके वरखाली होतात ते यामुळे.

निर्यातबंदीचं उदाहरण ग्राहकाचं आधिक्य (तो मोजायला तयार होता त्यापेक्षा जितकं कमी मोजावं लागलं ते) आणि उत्पादकाचं आधिक्य (तो विकायला तयार होता त्यापेक्षा जितकं जास्त मिळालं ते) शिकवताना वापरायला हवं. एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा, आणि दोन्ही मिळून बेरीज कमी. रानजाई, हा आलेख जमला की तुझा निम्मा अभ्यासक्रम झाला म्हणून समज. (मी एम.ए. अर्थशास्त्र, सध्या बेलापूरला एका बँकेत.)

चिवट

थोडा विरोधी सूर लावतो. रेषा-रेषा सगळं ठीक आहे, पण हा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मुलांचं नुकसान करतो असं माझं प्रामाणिक मत आहे. 'पूर्ण स्पर्धा' नावाचा बाजार शिकवायला महिना घालवतात. असंख्य विक्रेते, सगळ्यांचा माल सारखा, सगळ्यांना सगळी माहिती. असा बाजार कुणी ठाण्यात दाखवावा. मूल तेवढंच शिकून बाहेर पडतं आणि आयुष्यभर "किमान वेतन वाढवलं की बेकारी वाढते" हे वाक्य पंचांगातल्या मुहूर्तासारखं सांगत फिरतं.

गाळेवाल्यांच्याच बाजारात माथाडी कामगार आहेत. १९६९ चा माथाडी कायदा झाला नसता तर पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाची मजुरी कुठल्या समतोलावर थांबली असती? एका बाजूला उपाशी माणूस आणि दुसऱ्या बाजूला थांबायची ऐपत असलेला मालक असेल, तर त्याला समतोल म्हणायचं का?

गाळेवाला_वाशी

चिवटराव, माथाडींबद्दल बरोबर लिहिलंत. मंडळात नोंद, मजुरीचा हिशेब, भविष्य निर्वाह निधी हे सगळं लढून मिळालेलं आहे. आपोआप काही आलं नाही.

पामबीच

चिवट, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यातला बराच मला मान्यही आहे. पण नुकसान अभ्यासक्रम करतो की तो अर्ध्यावर सोडणं? रानजाईला सायन्समधून माहीत असेल, घर्षण नसलेला पृष्ठभाग कुठेच नसतो, तरी पहिलं गणित त्यावरच सोडवतात आणि मग घर्षण मिळवतात. पूर्ण स्पर्धेचं तसंच आहे. पुढच्याच धड्यांत मक्तेदारी, अल्पाधिकार (मोजकेच विक्रेते असलेला बाजार) येतात. एकच मालक असेल तर मजुरी समतोलापेक्षा खाली दाबली जाते आणि तिथे किमान वेतनाने रोजगार वाढूही शकतो, हेही याच साधनांनी सिद्ध करता येतं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर यांनी न्यू जर्सीतल्या उपाहारगृहांवर केलेला अभ्यास १९९४ सालचा आहे, त्यात किमान वेतन वाढूनही रोजगार घटलेला दिसला नाही, आणि कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे तुमचा आक्षेप या शास्त्राच्या आतलाच आहे.

कॉलेजात मात्र सत्र संपत आलं की हे धडे घाईत उरकतात, ही तक्रार शंभर टक्के खरी.

घोडबंदर

किंमत शून्य झाल्यावर काय होतं, यावर एक धडा आमच्या भागातच आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. त्यात आपले आनंदनगर, ऐरोली आणि वाशीही आले. गाडीमागे ४५ रुपये वाचले, आनंदच आहे. पण रस्त्यावरची जागा तेवढीच. पैशाने किंमत मोजली नाही तर वेळेने मोजावी लागते, आणि माझ्यामुळे मागच्या गाडीला होणारा उशीर माझ्या हिशेबात कुठेच येत नाही. याला बाह्य परिणाम म्हणतात ना?

तलावपाळी

हो, बाह्य परिणाम हाच शब्द. पण घोडबंदरकर, टोल होता तेव्हाही नाक्यावर रांग होतीच, आणि त्या रांगेत वेळही जात होता आणि पैसेही. टोलमाफीला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. गर्दीच्या वेळी जास्त आणि रात्री कमी असा दर असता, तर तुमचा मुद्दा लागू झाला असता. आपल्याकडचा टोल पूल-रस्त्यांच्या वसुलीसाठी होता, गर्दी आवरण्यासाठी नव्हताच.

घोडबंदर

मान्य. वसुली आणि गर्दीचा दर या दोन वेगळ्या गोष्टी, हे लक्षात घेतलं नव्हतं.

ऐरोलीची_आई

एसी लोकलचं उदाहरणही घ्या. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, पासाचे दर मात्र तसेच ठेवले. रोज जाणारा माणूस आणि कधीमधी जाणारा माणूस यांची लवचिकता वेगळी, असंच ना?

माझा मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. क्लासमध्ये व्याख्या पाठ करून घेतात, पाच वैशिष्ट्यं, सहा अपवाद, आकृती आणि तिच्याखाली ठरलेलं वाक्य. मार्क मिळतात, पण विचारलं तर काही सांगता येत नाही. पुस्तक कुठलं वाचावं?

निवृत्त_मास्तर

एसी लोकलचं अगदी बरोबर.

पुस्तकाचं म्हणाल तर महागडं काही लागत नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत त्यांच्या ई-बालभारती संकेतस्थळावर फुकट आहेत. रानजाईनेही बारावीचं पुस्तक वाचावं, तिला ते आठवड्याभरात संपेल. दोन्ही माध्यमांची शेजारी ठेवून वाचली तर कॉलेजातलं इंग्रजी व्याख्यान सोपं जातं. पाठांतराच्या मी विरुद्ध नाही, व्याख्या नेमकी यायलाच हवी. पण प्रत्येक व्याख्येखाली स्वतः पाहिलेलं एक उदाहरण लिहायचं, पुस्तकातलं नाही.

कोपरखैरणेकर

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी इथलाच, आगरी. आमच्या आजोबांची भातशेती होती, थोडी खाडीलगतची जमीन. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ला आली आणि जमीन गेली. १९८४ चं आंदोलन झालं, माणसं गोळीबारात गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्यांची (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचे विकसित भूखंड परत देण्याची) योजना मिळाली.

एफ.वाय.ला असताना खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धान्त शिकवला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो म्हणतो, जमिनीचा खंड मालकाच्या मेहनतीतून येत नाही, जमिनीच्या गुणातून येतो. माझ्या मनात एकदम उजेड पडला. आमच्या शेताचा भाव भातामुळे वाढला नाही. पूल आला, रेल्वे आली, शहर आलं, म्हणून वाढला. प्रश्न एवढाच, की ती वाढ कुणाची? ज्याची जमीन होती त्याची, ज्याने शहर वसवलं त्याची, की नंतर प्लॉट घेणाऱ्याची? सरांना विचारलं. त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि अख्खा तास त्यावर घेतला. त्या तासामुळे मी या विषयात टिकलो, पुढे एम.ए. केलं.

तेव्हा रानजाई, "पुस्तक आणि बाजार जुळत नाही" असं वाटलं की प्रश्न विचारायचं थांबू नकोस. वर्गात उत्तर नाही मिळालं तर स्टाफरूममध्ये जा. शिक्षकांना असे प्रश्न हवे असतात, तासाला वेळ नसतो एवढंच.

चिवट

कोपरखैरणेकर, प्रतिसाद मनापासून आवडला. असं शिकवणारे असतील तर माझा विरोध मागे.

तलावपाळी

जमिनीवरून आठवलं. डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा निबंध पहिल्या वर्षाच्या मुलांनी जरूर वाचावा. शेत लहान की मोठं हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्यासोबत भांडवल आणि बाकीची साधनं किती आहेत त्यावर ठरतं, आणि शेतीवरची जास्तीची माणसं उद्योगांकडे वळवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं त्यात आहे. उत्पादनाचे घटक हा धडा त्यातून जिवंत होतो. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ चा, आणि पुढे भारताच्या चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. आपण त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणून फार कमी वाचतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार! झेंडूची आकृती वहीत काढली आणि मैत्रिणींनाही समजावली. 'आणखी काय बदललं' हा प्रश्न आता पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

लवचिकतेवर एक उदाहरण स्वतः करून बघितलं. रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ चं २६ झालं. समजा एका स्टँडवर त्याआधी २०० प्रवासी होते आणि नंतर १९० झाले (हे आकडे मी मनाने धरलेत). भाडं १३.०४ टक्के वाढलं, प्रवासी ५ टक्के घटले. लवचिकता ०.३८. एकापेक्षा कमी, म्हणजे मागणी अलवचीक. गल्ला ४६०० वरून ४९४० झाला. पण उलट बाजूने, २६ वरून २३ असं केलं तर ०.४६ येतं. आकडे तेच, उत्तर दोन का?

पामबीच

शाब्बास! टक्केवारीचा पाया बदलला म्हणून. एकदा २३ ने भागतेस, एकदा २६ ने. म्हणून दोन बिंदूंमधली लवचिकता काढताना सरासरी पाया घेतात: भाड्यासाठी २४.५, प्रवाशांसाठी १९५. मग दोन्ही बाजूंनी ०.४२ येईल. पुढे कलन (कॅल्क्युलस) आलं की एका बिंदूवरची लवचिकता काढता येते, तेव्हा हा प्रश्नच राहत नाही.

आणि तुझ्या घरच्या "पुढे काय" बद्दल. तुझं बारावीचं गणित हे तुझं भांडवल आहे, ते सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात दुय्यम विषय निवडायची सोय आहे, तिथे कॉलेजात मिळत असेल तर गणित किंवा संख्याशास्त्र घे. एम.ए.साठी कलिन्यात मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे. त्यानंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, बँका, आकडेवारीवर काम करणाऱ्या खाजगी कंपन्या. नुसत्या बी.ए.वर यातलं बरंचसं मिळत नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांग. पाच वर्षांचा विचार करून शिक.

रविवारची_मिसळ

हा धागा वाचून मीही बारावीचं पुस्तक उतरवून घेतलं. पन्नाशीला. पहिले दोन धडे झाले.

गाळेवाला_वाशी

रानजाई, मैत्रिणींना घेऊन एकदा मार्केटला ये. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भे किंवा सानपाडा, तिथून रिक्षा. सकाळी लवकर या, नऊनंतर बघण्यासारखं फार राहत नाही. कॉलेजचं ओळखपत्र आणा. रविवारी येऊ नका, बाजार बंद असतो.

निवृत्त_मास्तर

जरूर जा. जाताना वहीत तीनच रकाने कर: किती गाड्यांची आवक, कुठला माल आणि कुठल्या प्रतीचा, घाऊक भाव काय. त्याच दिवशी संध्याकाळी जांभळी नाक्यावरचा किरकोळ भाव लिही. मधल्या फरकात वाहतूक, हमाली, तोलाई, अडत (अडत्याची दलाली), सडका माल आणि नफा यांचा वाटा किती, हे गाळेवाल्यांनाच विचार. आणि एक सांगून ठेवतो. वेगवेगळ्या दिवसांचे भाव आणि आवक आलेखावर मांडून त्या ठिपक्यांना मागणी रेषा म्हणू नकोस. प्रत्येक ठिपका त्या दिवसाचा समतोल आहे, दोन्ही रेषा हललेल्या असू शकतात.

रानजाई

सर, हेच विचारणार होते! मग खरी मागणी रेषा शोधायची कशी?

पामबीच

जेव्हा फक्त पुरवठा हलतो असे दिवस शोधायचे. अवकाळी पावसाने गाड्या अडकल्या, घाटात रस्ता बंद झाला. खाणाऱ्यांची आवड त्या दिवशी बदललेली नसते. तिसऱ्या वर्षाला किंवा एम.ए.ला हे रीतसर येईल, पण वहीत आत्तापासून अशा दिवसांवर खूण करत जा.

रानजाई

पुढच्या शनिवारी आम्ही चौघी येतोय, दादा. गाळ्याचा पत्ता कृपया निरोपातून कळवा.

गाळेवाला_वाशी

कळवतो. बंद चपला घालून या, खाली चिखल आणि कांद्याची सालं असतात. आणि माथाड्यांच्या वाटेत उभं राहू नका, डोक्यावर गोणी असते, त्यांना पटकन थांबता येत नाही.